पायऱ्या गेल्या, वाटा राहिल्या

त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला, हर्षेवाडीच्या माथ्यावर हरिहर किल्ला उभा आहे. १८१८ च्या उन्हाळ्यात त्र्यंबकगड पडला आणि आसपासचे गड एकापाठोपाठ एक इंग्रजांच्या हाती आले, त्यांतलाच हा एक. कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी तेव्हा त्याच्या पायथ्याशी पोहोचला. समोर सरळसोट कातळात कोरलेला जिना पाहून तो थक्क झाला. दोनशे फुटी भिंतीला शिडी लावावी तशी ही वाट आहे, अशी नोंद त्याने केली. आजही तो जिना शाबूत आहे. एका वेळी एकच माणूस चढेल एवढी रुंदी, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बोटे अडकवायला कोरलेल्या खोबण्या. जिना संपतो तिथे दरवाजा, दरवाज्यापुढे कड्याच्या पोटातून वाकून जायची अरुंद वाट आणि त्यानंतर पुन्हा पायऱ्या. साहेबाला या पायऱ्या इतक्या आवडल्या की त्या उडवायला त्याचे मन धजले नाही, असे या भागात सांगतात.

बाकीच्या कित्येक किल्ल्यांचे नशीब असे नव्हते. मराठी मुलखात पुन्हा बंड उभे राहू नये म्हणून कंपनी सरकारने डोंगरी किल्ले निकामी करायला घेतले. दरवाजे पाडले, टाकी बुजवली, पायऱ्यांना सुरुंग लावले. माणसाने वर जाऊच नये असा त्यामागचा हेतू होता. पुढच्या दोनशे वर्षांत त्याच सह्याद्रीत लोक निसर्ग बघायला, हवा खायला, कडे चढायला आणि दोरावरून उतरायला लाखोंनी येऊ लागले. हा बदल कसा घडला आणि त्याचा भार कोणी उचलला, याचा इतिहास मोठा आहे.

मुळात हा डोंगर चढणाऱ्यासाठीच घडल्यासारखा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पठाराची पश्चिम कड झिजत गेली. कठीण थर उभे कडे होऊन राहिले, मऊ थर उताराचे पदर झाले. म्हणून सह्याद्रीत चढताना आधी दमछाक करणारा उतार, मग कातळ, पुन्हा पदर आणि पुन्हा कातळ अशीच चढण लागते. वरच्या सपाटीवर वस्ती करावी, खालचा कडा तासावा आणि मधे एकच वाट ठेवावी, हे गणित किल्ले बांधणाऱ्यांनी या दगडाकडूनच शिकून घेतले. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या या रांगेचा महाराष्ट्रातला भाग गडांनी भरून गेला, तो यामुळेच.

इंग्रज येण्यापूर्वी लोक डोंगर चढत नव्हते असे नाही. व्यापारी घाटवाटांनी चढत. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी लेणे कोरले, त्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा असल्याचे परंपरा सांगते. वारकरी, जत्रेकरू, गोसावी चढत. कृष्णेच्या उगमाशी जुन्या महाबळेश्वरला, भीमेच्या उगमाशी भीमाशंकरला लोक शतकानुशतके जात होते. महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे बारी गावातली आणि आसपासची माणसे देवीच्या दर्शनाला कधीपासून चढत आली आहेत. पण केवळ समोरची दरी बघायची म्हणून तंबू-सामान घेऊन डोंगरावर महिनाभर राहणे, ही चाल नवी होती. ती इंग्रजांबरोबर आली.

१८२४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज फौजेतला अधिकारी पीटर लॉडविक घनदाट जंगलातून महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचला आणि कड्याच्या टोकाशी येऊन थांबला. तिथून खाली कोयनेचे खोरे आणि समोर प्रतापगड दिसतो. त्या टोकाला आज त्याचेच नाव आहे. चार वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने या जागेचे आरोग्यस्थान करायचे ठरवले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला. वाई भागातले खंडाळा गाव महाराजांना मिळाले आणि बदल्यात महाबळेश्वरचे पठार कंपनीला. नव्या पेठेला माल्कमपेठ म्हणू लागले.

मग कड्याकड्याला नावे पडत गेली. एल्फिन्स्टन, ऑर्थर सीट, बॉम्बे पॉइंट. तिथवर रस्ते काढले गेले. साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. चिनी कैद्यांना इथल्या तुरुंगात आणून ठेवले होते. साहेबांच्या टेबलावर लागणाऱ्या भाज्या त्यांच्या हातून पिकल्या, बटाट्याची लागवड त्यांनी वाढवली. उन्हाळाभर मुंबई सरकारचे कामकाज इथून चाले. पाऊस जवळ आला की बंगल्यांच्या भिंतींना गवताचे झाप बांधले जात आणि साहेब लोक खाली उतरत. मुंबईचा गव्हर्नर पावसाळा पुण्यात काढी. सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे हे पठार मग इथल्या कायमच्या रहिवाशांपुरते उरे.

साहेब आणि मडमा या पॉइंटांवर घोड्यावरून जात, किंवा माणसांच्या खांद्यावरून. खुर्ची, डोली, पालखी यांचा सह्याद्रीच्या पर्यटनाशी पहिल्या दिवसापासून संबंध आहे. सूर्यास्ताची जी वर्णने त्या काळात लिहिली गेली, त्यांत आकाशाचे रंग सविस्तर येतात; खुर्चीखालच्या चार माणसांची नावे कुठेच येत नाहीत. डोंगरातल्या पर्यटनाचा इतिहास लिहिताना ही गाळलेली ओळ भरून काढायला हवी, कारण पुढे सगळी व्यवस्था याच माणसांच्या अंगमेहनतीवर उभी राहिली.

माथेरानची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढला आणि गर्द झाडीने झाकलेला हा माथा त्याला आवडला. पुढच्या काही वर्षांत गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने लक्ष घातले, वाट झाली, बंगले उठले. साहेबाने माथेरान ‘शोधले’ असे पुस्तकांत लिहिले जाते, पण धनगर, ठाकर आणि कातकरी त्या डोंगरात आधीपासून राहत होते. त्यांची गुरे तिथे चरत होती, मध, लाकूडफाटा आणि रानभाजी ते तिथूनच आणत. मॅलेट चढला तो डोंगरच या लोकांच्या पायाखालचा होता.

माथेरानला खरा वेग आला तो रेल्वेने. मुंबईची आगगाडी नेरळवरून पुढे गेली आणि डोंगर एका दिवसाच्या टप्प्यात आला. नेरळपासून वर मात्र घोडा, डोली किंवा पाय. मुंबईतले उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ही अडचण मनावर घेतली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी दोन फुटी रुळांची गाडी वर न्यायचे ठरवले. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी धावली आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले. जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीची छोटी वाफेची इंजिने वीस फुटांना एक फूट अशा चढावर वळणे घेत डबे ओढत. २००५ च्या जुलैतल्या महापुरात हा मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला; २०१९ च्या पावसात पुन्हा तुटला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळ ते माथेरान गाडी पुन्हा धावू लागली.

डोंगर मुंबईकरांच्या आवाक्यात आणणारे सर्वात मोठे काम मात्र बोरघाटातल्या रेल्वेचे. १८५६ मध्ये ते सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये हा घाट खुला झाला. १८६१ मध्ये एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसे तिथे राबत होती. मुख्य ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करून घेतला. दोरांनी कमरेला बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारे मजूर कॉलरा, ताप आणि अपघात यांनी मोठ्या संख्येने दगावले. आज खंडाळ्याच्या घाटात खिडकीशी बसून धबधबे मोजणारा प्रवासी ज्या बोगद्यांतून जातो, ते या माणसांनी फोडले आहेत.

इकडे मराठी माणसाचे पाय वेगळ्या ओढीने डोंगराकडे वळत होते. त्याला गड बघायचा होता. १८१८ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्यात रायगड पडला आणि पुढे ओसाड झाला. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने आपल्या पुस्तकात रायगडावरच्या शिवरायांच्या समाधीची दुर्दशा मांडली आणि ती वाचून महाराष्ट्रात हळहळ उमटली. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभा करायला घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला. त्या उत्सवाला गेलेली माणसे रानातली वाट तुडवत इतिहासाच्या दर्शनाला गेली होती. टिळक विश्रांतीला आणि लिहायला सिंहगडावरच्या बंगल्यात राहत. गांधीजी त्यांना तिथेच भेटले होते. पुण्याच्या माणसाची रविवारी सिंहगड चढायची सवय, वर मडक्यातले दही आणि झुणका-भाकरी खाऊन उतरायची रीत, या सगळ्याला अशी जुनी पार्श्वभूमी आहे.

खुर्चीतून आलेला प्रवासी एका टोकावर बसून दरी बघत असे. गडावर जाणारा मराठी माणूस वाट शोधत, वाडीत विचारत, देवळात मुक्काम करत फिरे. या फिरण्याला भाषा दिली ती गो. नी. दांडेकरांनी. आयुष्यभर ते गड पालथे घालत राहिले आणि ‘दुर्गभ्रमणगाथे’सारख्या पुस्तकांतून त्यांनी दोन-तीन पिढ्यांना घराबाहेर काढले. त्यांचे विशेष हे की त्यांच्या लिखाणात डोंगरात राहणारी माणसे केंद्रस्थानी आहेत. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. ठाकरांचे जगणे सांगणाऱ्या ‘जैत रे जैत’वर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. शहरातला वाचक ठाकरवाडीत पाऊल टाकण्यापूर्वी या पुस्तकांतून तिथे जाऊन आलेला असे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या लेखनाने आणि व्याख्यानांनी हीच ओढ वाढवली. कोल्हापूरकडे पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती सुरू झाली. १६६० च्या जुलैमध्ये बाजीप्रभू आणि बांदलांची फौज ज्या वाटेने धावली, त्या वाटेने आजही तरुण मुले भर पावसात, चिखलातून चालत जातात.

उडवलेल्या पायऱ्यांचे पुढे काय झाले, ते याच काळात दिसून आले. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एकमेकांना लागून आहेत. कुलंगच्या पायऱ्या बऱ्याच टिकल्या. अलंग आणि मदनच्या वाटेत मात्र मधल्या पायऱ्या उद्ध्वस्त झाल्या आणि चाळीस-पन्नास फुटांचे उघडे कातळ उरले. कंपनीच्या दृष्टीने गड कायमचे बंद झाले होते. हिमालयन क्लबसारख्या संस्थांमुळे आणि नंतर मुंबई-पुण्यातल्या तरुण मंडळींमुळे प्रस्तरारोहण जेव्हा सह्याद्रीत रुजले, तेव्हा हेच कातळटप्पे त्यांची शाळा झाले. पहिला गडी मोकळ्या हाताने खाचा-भेगा चाचपत वर चढतो. ठोकलेल्या मेखेत किंवा बोल्टमध्ये कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी, अडकवतो, दोर ओवतो, खालचा साथीदार दोर ताणून धरतो. बाकीचे मग हार्नेसला दोर बांधून एकेक करून वर येतात. सॅक वेगळ्या दोराने ओढून घेतल्या जातात. मदनवर एका तुकडीला हा एक टप्पा चढायला कधी कधी अर्धा दिवस लागतो. खाली दरी सरळ पायांखाली असते आणि पाण्याची बाटली सांभाळून पुरवावी लागते.

खंडाळ्याची नागफणी, जिला इंग्रजांनी ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून ड्यूक्स नोज म्हटले, हीसुद्धा अशीच शिकाऊ आरोहकांची जागा. हरिहरच्या उभ्या कड्यावर १९८६ मध्ये एव्हरेस्टवीर डग स्कॉट चढला आणि त्या कड्याला ‘स्कॉटिश कडा’ हे नाव चिकटले. रायगडाजवळचा लिंगाणा आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही या खेळातली मोठी नावे. कोकणकडा हजार फुटांहून खोल, आत वळलेला, वरून पाहताना भिंत नजरेआड जाणारा. कर्नल विल्यम साईक्स या अधिकाऱ्याने १८३५ च्या सुमारास इथल्या इंद्रवज्राची नोंद केली. खालच्या धुक्यात स्वतःची सावली आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते, ते हे इंद्रवज्र. पावसाळा ओसरता ओसरता तो क्षण मिळावा म्हणून आजही लोक कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून वाट बघतात.

या कातळांवर हात घासलेली मुले पुढे हिमालयात गेली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट गाठले, तेव्हा महाराष्ट्राने पहिल्यांदा आपला माणूस तिथे पाहिला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१९ मध्ये याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनजुंगा सर केले. सह्याद्रीत बर्फ नाही, उंची जेमतेम. पण उघड्या कातळावर धीर धरायला आणि साथीदाराच्या दोरावर विश्वास टाकायला या आरोहकांनी इथेच शिकून घेतले.

साहेब ज्या ऋतूत पळून जाई, तोच ऋतू मराठी भटक्यांनी आपला केला. जून उजाडला की घाट हिरवे होतात आणि धबधबे कड्यावरून कोसळतात. भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी लोटते. पाऊस सरला की कामशेतला पॅराग्लायडिंग चालते, सांधण दरीत दोरावर उतरतात. दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून बसेस भरून निघतात. वाड्यांना याचा आधार झाला आहे. ज्या घरात वर्षभराचा पैसा भात आणि हिरड्यावर अवलंबून होता, त्या घरात आता पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली जाते, मुलगा गाइड होतो, अंगणात तंबू लागतात. त्याचबरोबर कचरा, रात्रीचा डीजे, टाक्यांत पोहणारी टोळकी आणि निसरड्या कड्यावर फोटोपायी जाणारे जीवही याच गर्दीचा भाग आहेत. हरिहरच्या त्या एकमाणशी जिन्यावर सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवून तासन्‌तास खोळंबतात. तिथे एकाचा पाय सुटला तर खालच्या सगळ्यांचे प्राण धोक्यात येतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ही ठाकरांची वाडी. इर्शाळगडाला जाणाऱ्या हजारो ट्रेकरांनी या घरांत पाणी प्यायले होते, जेवले होते. वर जायला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, चिखलातून पायी चढून जे मदतीला पोहोचले त्यांत गिर्यारोहकांच्या आणि ट्रेकरांच्या संस्था होत्या. यंत्रे वर नेता येत नव्हती, ढिगारा कुदळ-फावड्याने उपसावा लागला. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जणांचा शोध न लागताच मोहीम थांबवावी लागली. एरवीही दरीत अडकलेल्याला काढायला लोणावळ्यापासून नाशिकपर्यंतचे आरोहक रात्री-अपरात्री आपला दोर घेऊन निघतात, तेही बिनमोबदला. ही माणसे सह्याद्रीतल्या या छंदाची सर्वात मोठी कमाई आहेत.

सरकारी पातळीवरही हालचाल झाली. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात कासचे पठार आहे. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. २०२५ च्या जुलैमध्ये रायगड, राजगड, प्रतापगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह १२ किल्ल्यांना युनेस्कोची मान्यता मिळाली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाहीत असे सांगून त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. महाबळेश्वरच्या खुर्चीपासून चालत आलेली, माणसाने माणसाला वाहून डोंगर दाखवायची पद्धत हटवायचा आदेश यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. किल्ल्यांच्या गौरवाची बातमी महाराष्ट्रभर पसरली, हातरिक्षांची तेवढी पसरली नाही. तिचे मोल मात्र कमी नाही.

येत्या पावसात सह्याद्रीत जाणाऱ्यांनी एवढे करावे. वाट दाखवायला वाडीतलाच माणूस घ्यावा आणि त्याने सांगितलेला मोबदला घासाघीस न करता द्यावा. आज चढू नका असे तो म्हणाला तर परत फिरावे. जेवण वाडीतच घ्यावे, कचरा सॅकमध्ये भरून खाली आणावा, टाक्याच्या पाण्याला हात धुवायलाही शिवू नये. आणि घरी आल्यावर सहलीचे फोटो टाकताना त्या गाइडचे नाव, त्याची परवानगी घेऊन, गडाच्या नावाशेजारी जरूर लिहावे.